आधी आडवा हो

उमरेडचा रस्ता सोडून डावीकडे, मालगुजारीतला तलाव.
पहाटेचे पाच, डिसेंबर,
मोटरसायकलचं हँडल बोटांना चिकटत होतं.
झिबल डहारेनं शेकोटीवरून मान वर न करता विचारलं,
"तर्रीपोहे खाऊन आला? मंग ढेकर इथंच देऊन टाक.
पाण्यावर आवाज लांब जाते."

नाव कसली, पाण्यावर पालथी घातलेली परात.
कडा चहूकडून उतरत्या, मधे माणूस मावेल एवढा खळगा,
रंग कुणाच्या तरी भिंतीवरून उरलेला, राखी.
शिकारी साहेबांसाठी झिबलच्या बापानं बांधलेली.
बंदूक टेकवायची खाच अजून आहे उजव्या अंगाला,
माझी वही तिथं नेमकी बसली.
शिकार बंद होऊन पन्नास वर्षं झाली.
मी मोजायला आलो होतो.

पांगाऱ्याची लाकडी बदकं, एकूण बेचाळीस,
चौघांना डोकी नाहीत.
प्रत्येकाच्या पोटाला दोरी, दोरीला कोराडीच्या भंगारातला नट.
झिबलनं ती गळाच्या आकड्यासारखी मांडली,
मधे पाणी मोकळं सोडलं.
"आंगण ठेवा लागते. पाव्हणा आंगणातच उतरते."

मग मला म्हणाला, "आधी आडवा हो.
डोस्कं खाली. पाय वारा जाते तिकडे.
बदक वाऱ्याले तोंड करून उतरते,
म्हंजे तुह्या पायाकडून येईन."

मी तीनदा उठून बसलो.
तीनदा तलाव रिकामा झाला.
चौथ्यांदा तो डोंग्यातून दूर गेला, काही बोललाच नाही,
आणि लाजेनं मी पडून राहिलो.

कानामागे अंगठ्याएवढी फळी, तिच्यापलीकडे पाणी.
काठ गेला, बाभळी गेल्या, वीजकेंद्राचा धूरसुद्धा.
एक गवताची काडी माझ्याहून उंच होती.
पोट वर-खाली होताना दिसत होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

आणि कोरं मांजरपाट टरकन फाडावं
तसा आवाज डोक्यावरून गेला, वळला,
पायांकडून आला.
लालसरी.
तांबडी डोकी, काळी छाती, पाठीवर राख.
माझ्या बुटांपासून दोन हातांवर एक,
त्याचा लाल डोळा, आणि मग
डोळ्याच्या जागी नुसतं वर्तुळ.

बुडी मारणारं बदक कसं मोजायचं?
पंधरा म्हणावं तर सहा खाली.
सहा वर येतात तोवर नऊ जातात.
वहीत लिहिलं : १५? २१? १८?
मग शिसपेन हातातून निसटून पाण्यात पडली.

परतल्यावर विचारलं,
तुम्ही किती वेळा पडला असाल हिच्यात?
"मी?" झिबलनं वल्ह्यावरचं शेवाळ खरवडलं.
"साहेब झोपे, बाप वल्हे मारे, मी पाण्यात.
नऊ वर्षांचा होतो.
मेलेलं तरंगते, ते सोपं.
घायाळ झालेलं बुडी मारते
अन् तळाचं शेवाळ चोचीत धरून ठेवते.
वर येतच नाई.
हातानं सोडवा लागे."

मी म्हटलं, आज तुम्ही पडा.
नाही म्हणाला. पाठ दुखते म्हणाला. विडी पेटवली.
विडी संपल्यावर चपला काढून
देवळात शिरावा तसा नावेत शिरला.

मला वल्हवता येत नाही. डोंगा गोल-गोल फिरला,
कसाबसा पानकणसांना लागला.
तिथून झिबल दिसेना, नावही दिसेना,
नुसती बेचाळीस लाकडं
आणि मग लाकडांमधे हलणारी काही.
तासभर.
एवढंच दिसलं मला,
एक हात, बाहेर, कोपरापर्यंत पाण्यात.

आणायला गेलो तेव्हा तो हात पांढरा पडला होता.
किती होती? मी विचारलं.
"मोजली नाई."
हात काखेत दाबून बराच वेळ बसला.
"बुडाले तेवढे सारे वर आले," म्हणाला.
"चाल, दोऱ्या गुंडाळ. त्या बिनडोक्यांच्या आधी."