तिसरी खिडकी

दाभोळच्या खाडीत शिरताना
बापूस म्हणायचा,
हमदुल्यांच्या घराची तिसरी खिडकी
आणि खालचा सुरू
एका रेषेत आण,
मगच सुकाणू डावीकडे.
मी विचारायचो, कुठलं घर?
डोंगरावर नुसती चिरेखाण,
लाल, चौकोनी, पडलेल्या दातांची.

त्याने पाहिलं होतं ते.
अब्बास हमदुले, आगबोटीवरचा सारंग,
तीस वर्षं कोळशाचा धूर खाऊन परतला
तो मोडीत निघालेल्या बोटीच्या गोल खिडक्या घेऊन,
अकरा, पितळी.
गवंडी हसले, चिऱ्याला गोल भोक कोण पाडणार?
सारंगाने छिन्नी स्वतः उचलली.
बायको, जैनब, माडीवर झोपेना.
म्हणायची, हे घर हलतं,
एका रात्री निघून जाईल.

निघाले ते मुलगे. एक मोंबासाला, एक केपटाऊनला.
धाकटा राहिला आणि भांडला.
कशावरून, ते कोणी धड सांगत नाही,
बावीवरून म्हणतात, एका निकाहावरूनही.
कोर्टात घर बावीस वर्षं उभं होतं,
डोंगरावर त्याच्या कितीतरी आधी बसलं.

मग चिऱ्याला भाव आला.
ज्या खाणीतून घर वर आलं
तीच मागल्या अंगाने सरकत आली
आणि घराखालचा डोंगर घेऊन गेली.
पडकी भिंत बघायची म्हटलं
तरी आता तेवढी उंची नाही.
साधारण साठ हात वर, हवेत,
जैनबची मोरी असेल.

गेल्या मे महिन्यात केपटाऊनहून एक बाई आली.
आपल्याकडचा एकच शब्द येत होता तिला, बाव.
जवळ फोटो. गोल खिडकी,
खिडकीतून डोकावणारी बकरी.
होडीतून नेलं तिला.
हाताने विचारलं तिने, कुठे?
मी बोट वर केलं, रिकाम्यात.
ती उन्हात डोळे बारीक करून बघत राहिली,
मग बोट थोडं उजवीकडे सरकवलं माझं.
तिला कसं कळलं, कोण जाणे.
बरोबर होतं तिचं.

आता मोबाईलवर खाडीचा तळ दिसतो.
सुरूही मागल्या वादळात गेला.
तरी वाळूची दांडी जवळ आली
की मान आपोआप वर होते,
नसलेल्या दोन गोष्टी
एका रेषेत आणतो,
मगच सुकाणू डावीकडे.