रकाना सातवा

अपघाताच्या वहीत एकूण नऊ रकाने आहेत.
सातवा : कारण.
अकरा वर्षं मी तिथे एकच ओळ लिहीत आलो,
कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.
अक्षर माझं वळणदार आहे. साहेबांनाही आवडतं.

रात्री त्याच अक्षरात मी कविता लिहितो.
जुन्या जालन्यात, नळाला बाराव्या दिवशी पाणी येतं त्या गल्लीत,
पिंप, घागरी, तांबे,
पोराची खेळण्यातली बादलीसुद्धा भरून झाली
की उरलेल्या रात्रीत
शहराचं दुःख लिहायला बसतो.

सोनेराव खंदारेचा हात गेला त्या रात्रीही बसलो होतो.
तिसऱ्या स्टँडवरून लाल सळई उसळली
सापासारखी, असं लिहिलं.
मग साप खोडला, वीज केली.
मग वीज खोडली.
शेवटी हात वितळला, त्याचा सूर्य झाला,
आणि तो भट्टीच्या धुराड्यावर उगवला.
नांदेडच्या कविसंमेलनात या ओळीला टाळ्या पडल्या.
पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ रडले.
मला शाल मिळाली, नारळ मिळाला,
जाण्यायेण्याचे दोनशे चाळीस रुपये मिळाले.
शाल अजून वापरतो. ऊबदार आहे.

सोनेराव तेव्हा औरंगाबादला, घाटीत.
दोन माणसांत एक कॉट.
मी चार मोसंबी घेऊन गेलो होतो.
एका हाताने मोसंबी सोलता येत नाही
हे मला तिथे, उशाशी बसल्यावर कळलं.
कविता तोवर छापून आली होती.

परवा पंचफुला आली, त्याची बायको.
पिशवीत झेरॉक्सांचा गठ्ठा, पाय धुळीने भरलेले.
"तुमी आमच्या मालकावर कविता केली म्हनं.
वाचा बरं."

वाचली.
रेशनच्या दुकानात मापाकडे बघतात
तशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"सूर्य नाही झाला, भाऊ.
अंगठा ऱ्हायला आन् करंगळी.
त्या दोघांत बिडी धरायला शिकायलाय.
गुंड्या मी लावते.
रातच्याला नसलेली बोटं खाजवतेत म्हनतो,
तवा मी कुठं खाजवू?"

मी शालीची घडी नीट केली.
उगाच.

"त्या मशीनीला जाळी नव्हती का?"
होती, म्हणालो. दिवाळीत काढली.
"मंग हे कामून नाही लिव्हलं?
वहीतबी नाही, कवितेतबी नाही.
दोन्हीकडं तुमचंच तर अक्षर."

पाणी विचारलं. नको म्हणाली.
दारातल्या घागरी ओलांडून गेली, लुगडं सावरत,
एक थेंब न सांडता.

आता तिसऱ्यांदा लिहितो आहे.
चौदा मार्च. दुसरी पाळी. रात्री पावणेदहा.
स्टँड क्रमांक तीनची संरक्षक जाळी
दिवाळीच्या देखभालीत काढली, पुन्हा बसवली नाही.
खंदारेने दोनदा तोंडी सांगितलं होतं.
दोन्ही वेळा मी तिथे होतो.
एकदा चहा पीत होतो.
दुसऱ्यांदा हसलो होतो,
कारण साहेब हसले होते.

याला कविता म्हणतील का, ठाऊक नाही.
चालीत बसत नाही, कुठे थांबून
श्रोत्यांकडे बघावं अशी जागाही नाही.
कामगार न्यायालयात मात्र वाचता येईल.

खाली नाव, हुद्दा
आणि सहीपुरती जागा मोकळी आहे.
आज तीन तारीख.
पगार सातला होतो.