सर्व्हे नंबर एकशे बारा

नगरपालिकेत मी आरेखक,
काम मात्र रंगाऱ्याचं:
राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा,
शाळा-दवाखान्याला लाल, बागेला हिरवा.
नंदुरबारच्या या कागदावर
अजून एकही बाग उगवलेली नाही.
हिरव्या बाटलीचं झाकण गच्च बसलंय.

एकशे बारा म्हणजे कागदावर कोरा चौकोन.
बाहेर जाऊन बघाल तर डिसेंबरात
बावीस एकर मिरची उन्हात पसरलेली,
मधून माणूस जाईल एवढ्याच वाटा,
आणि वाटांवर बसलेल्या बाया, देठ खुडत,
बोटांना तेल, नाकाला पदर.
हा लाल माझ्या सूचीत नाही.
सूचीतला लाल दवाखान्याचा.

साहेब म्हणाले, तोल साधा.
खाली गाळे, वर घरं,
गावाला जरा ऊर्जितावस्था,
आणि तळ्याच्या अंगाला एक चौपाटी.
समुद्र इथून पार सुरतेच्या पलीकडे,
पण चौपाटी हवी सगळ्यांनाच.
भेळेला खारा वारा लागतोच असं नाही.

सुनावणीला भामरे आप्पा आले,
सेवानिवृत्त तलाठी, तोंडाला रुमाल.
वारा फिरला की देवघरात ठसका, म्हणाले,
सुनेला दमा,
नातू शिंकत शिंकत पाढे म्हणतो.
खोटं नव्हतं त्यातलं काहीच.
हसमुखशेठ म्हणाले,
एके काळी माझ्याकडे रोज साठ गाड्या उतरायच्या,
आज अकरा.
गाळे द्या, घेतो की. पण गाळ्यात मिरची सुकत नाही, साहेब,
तिला आभाळ लागतं भाड्यानं.
मागून दगडू मुनीम पुटपुटला,
"आते मिरची बी फ्लॅटमा ऱ्हाई का?"
हशा पिकला.
इतिवृत्तात हशा नोंदवायची सोय नाही.

रेमाबाई वळवीच्या हरकतीला क्रमांक नव्हता.
धडगावकडून येते, हंगामाचे चार महिने,
किलोमागे मजुरी, पथारीच्या कडेला ताडपत्री.
घर मिळेल का, हे तिनं विचारलं नाही.
टेबलाला एक फेरी मारली,
मग चौकोनावर बोट टेकवून म्हणाली,
मी खुडते तिथंच झोपते.
एवढ्याशा जागेला दोन रंग कशाला?
साहेब म्हणाले, बाई, तुम्ही हंगामी.
ती म्हणाली, हो. दरवर्षी.

मी गप्प होतो.
गप्प राहायला माझ्याकडे कारण होतं:
एकशे बाराच्या पिवळ्यात,
जो अजून मी भरलेलाही नाही,
एक प्लॉट आहे बायकोच्या नावानं,
एकवीस हजार बयाणा, पावती गादीखाली.

सगळे गेल्यावर टेबल पुसलं
आणि त्याच हातानं डोळा चोळला.
देवा रे.
नळाकडे धावलो. पाणी एक दिवसाआड,
आज नेमका आड.
खुर्चीत बसून राहिलो, एक डोळा मिटून,
बाटली नव्हती, पेला नव्हता,
नुसतं त्या बाईचं बोट माझ्या डोळ्यात.
आणि ती म्हणे चार महिने
असल्याच बोटांनी पोराला भरवते.

उरलेल्या डोळ्यानं पट्ट्या ओढल्या,
एक पिवळी, एक निळी, मिश्र वापर,
कलम अमुक, पोटकलम तमुक.
पिवळी ओली होती, निळी घाईत ओढली,
दोन्हींच्या मध्ये कड हिरवी झाली.
नियमानं ती चूक.
खोडायला ब्लेड उचललं, ठेवून दिलं.

साहेबांचा फोन आला:
झालं का एकशे बारा?
म्हटलं, सुकतंय, साहेब.
उद्या जरा उन्हात ठेवतो.