डोंगलचं वजन

रबाळे एमआयडीसीत, जिथे टेम्पो वळताना
भिंतीचा रंग घेऊन जातात,
तिथे मढवींचा वजनकाटा.
साठ टनांपर्यंत तोलतो.
कधी रिकामाच असताना वीस किलो दाखवतो.
"कुत्रा बसलाय प्लेटवर," चांगुणाबाई म्हणतात,
आणि खिडकीकडे न बघताच, "हाड्!"

जुना कॉम्प्युटर गुरुवारी गेला.
त्याच्यातलं होतं नव्हतं ते सगळं मी उचललं
आणि नव्या डब्याच्या पोटात ठेवलं.
यंत्रात यंत्र.
आतल्याला पत्ताच नाही आपलं अंग गेल्याचा;
आपला पंखा फिरतोय असंच तो समजतो,
तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ
पडद्यावर लावून बसलाय.
फक्त पावती छापत नाही.
म्हणतो, किल्ली सापडत नाही.

किल्ली म्हणजे हा डोंगल.
अंगठ्याएवढा, जांभळा, टोपण हरवलेला.
विकणारी कंपनी कधीच बुडाली.
पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका,
कुणी पेनड्राइव्ह समजून खिशात टाकू नये म्हणून.
बाहेरच्या डब्यात खोचलाय, दिवाही लागलाय.
आतला मात्र हात पसरून उभा.
दोघांत वीतभर अंतर नाही,
पण हा डब्बा बिनखिडक्यांचा, माउसचं इथे काही चालत नाही.
काळ्या पडद्यावर
एकेक अक्षर टाकत जायचं.

एलएसयूएसबी. एंटर.
हजेरी लागली : की-बोर्ड,
काट्याची केबल, ती आधीच आत दिलेली,
आणि शेवटून दुसरा, बिननावाचा :
बस एक, डिव्हाइस पाच.
मी हातावर पाच लिहून घेतला.
पाच जोडला.
आत पहिली पावती सरसरत निघाली,
चांगुणाबाईंनी ती उजेडात धरून पाहिली, नोटेसारखी.
तेवढ्यात सळयांचा ट्रक प्लेटवरून उतरला,
केबिन हलली,
डोंगल अर्धा सेकंद सैल झाला
आणि परत बसला तो
सहा होऊन.

पाच नावाचं कुणी उरलंच नव्हतं.
मी हातावरचा पाच थुंकी लावून पुसत होते.

"नंबरावर काय जातेस गो?" त्या म्हणाल्या.
"घणसोलीला रस्ता रुंद केला, घरांचे नंबर फिरले.
पोस्टमन महिनाभर माझं पत्र घेऊन
दुसऱ्याच्याच ओट्यावर बसायचा.
शेवटी नावाने हाक मारली त्याने, गल्लीच्या तोंडाशी."

मग मी चिठ्ठी लिहिली.
चार अक्षरं कंपनीची, चार त्या वस्तूची :
आडनाव आणि नाव.
कुठल्या भोकात बसलाय ते लिहिलंच नाही.
दाराशी एक नियम उभा केला :
हा कधीही आला, कितवाही होऊन आला,
तर ही चिठ्ठी वाचायची आणि आत सोडायचं.
व्हर्श, अटॅच-डिव्हाइस, आतल्याचं नाव, चिठ्ठीचं नाव.
शेवटी दोन शब्द, दोन्ही लागतात :
लाइव्ह, म्हणजे आत्ता, जागा आहेस तोवर.
कॉन्फिग, म्हणजे झोपून उठलास तरी.

एंटर.
बाहेरच्याने हात सोडला.
दिवा विझला, परत लागला,
या वेळी दुसऱ्या कुणासाठी.

आतल्या पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा फुगा फुगला.
चांगुणाबाईंनी चष्मा वर सरकवला :
"काय म्हणतोय?"
म्हणतोय, नवीन हार्डवेअर सापडलं.
"नवीन?"
त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.
"माझी पोरगी बारावीला होती तेव्हा लावलेला रंग हा."

हॉर्न वाजला. पुठ्ठ्याच्या रद्दीचा ट्रक प्लेटवर चढला.
एकवीस हजार चारशे वीस.
पावती निघाली,
त्यांनी कानामागचं पेन काढलं,
कुत्र्याचे वीस वजा केले
आणि सही केली.