खडूची नोंद

पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत
दारादारांवर माझं अक्षर आहे.
उजव्या चौकटीशी, खडूनं:
तारीख, भांडी, त्यातली दूषित किती.
कुणाचं पोर तिथंच पाढे गिरवतं
आणि माझ्या एकाचे अकरा होतात.

बॅटरी मारली की कळतं.
पिंपात आधी नुसता पत्र्याचा कवडसा,
मग स्वल्पविरामासारखं काहीतरी
वळवळत तळाला पळतं.
"पाणी तर स्वच्छ आहे की, ताई."
तेच तर. हिला गटार चालत नाही,
बाई चोखंदळ आहे.
पायांत पांढरे वाळे घालून
दिवसाढवळ्या येते,
चड्डीखालच्या उघड्या पोटऱ्या हेरत.

परवा प्रभात रस्त्यावर
फाटकातूनच उत्तर मिळालं,
"आमच्याकडे नसतं हो असलं काही.
तिकडे बघा, टेकडीवर."
फ्रिजमागचा ट्रे बघू का, म्हटलं.
फ्रिजला ट्रे असतो
हेच त्यांना ठाऊक नव्हतं.
सतरा.
मोजून लिहिल्या.
त्यांच्या पॉलिशच्या दारावर खडू उठेना.

इथं नळ दिवसाआड.
साठवू नका, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?
साठवा, म्हणते, पण वर कापड बांधा, घट्ट.
आठवड्यातला एक वार धरा
आणि सगळं रिकामं करा.
नुसतं ओतू नका, घासा.
पाण्याची रेघ उमटते ना कडेला, तिथं काथ्यानं घासा.
अंडी तिथं बसून असतात,
मोहरीहून बारीक, कोरडी,
महिनोन्‌महिने,
उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखी.

हे दिवसातून साठ वेळा बोलते.
एकसष्टाव्या दारी भीमाशा होता, यत्ता तिसरी.
खिडकीत फडक्याआड लपवलेली बरणी
मीच ओढून काढली.
"मासे आहेत माझे. पिंपातनं धरलेत. सहा."
मग हळूच, मोठं गुपित दिल्यासारखं:
"सात होते. एकाला पंख आले.
उडून गेला."

आत चटईवर त्याची आई,
कपाळावर ओलं फडकं.
तिसरा दिवस, म्हणाली.
डोळ्यांच्या मागं दुखतं का?
तिनं मान हलवली,
तीसुद्धा दुखली असावी.
दंडावर लाल ठिपके.

पोराला मी काहीच बोलले नाही.
पिशवीतल्या बाटलीतून दोन गप्पी काढले
आणि त्याच बरणीत सोडले.
हे खरे मासे, म्हटलं, यांना पंख येत नाहीत.
"खातात काय?"
मी रजिस्टर उघडलं,
नाव, वय, तापाचे दिवस.
पेन चालेना, झटकलं.
तो बरणीला नाक लावून मोजत होता:
सहा. चार. तीन.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. रक्त आजच तपासा.
शेजारच्या शरणम्मानं रिक्षा थांबवली.
पाणी पाजत राहा, पेज, ताक, काहीही,
पोट दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं
तर रात्रीची वाट बघू नका.
आणि अंगदुखीची गोळी दुकानातून मनानं
घेऊ नका, मी मागनं ओरडले,
साधी तापाची तेवढी,
पुढचं चढावरच्या फटफटीत गेलं.
भीमाशानं बरणी
दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली होती.

दारावर लिहिलं: भांडी पाच, दूषित एक.
बरणीला भांडं म्हणायचं का,
ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.
पुसलं.
भांडी सहा.