बुशेलची जात

रेजायना, सस्कॅचेवान. बाहेर उणे एकतीस,
आत मशीन तापू नये म्हणून आणखी गार वारा.
ओरिस्या झाहारिचुक स्वेटरवर स्वेटर चढवून
कोडिंगच्या कागदावर मॅक्रो लिहिते आहे, पेन्सिलीने.

असेंब्लरला काय काय कळतं ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं:
अर्धा शब्द, पूर्ण शब्द, अक्षर, पत्ता,
आणि एका बाइटात दोन-दोन दाटीने बसवलेले अंक,
शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याचं चिन्ह,
विंचवाच्या नांगीसारखं.
"बुशेल कळत नाही त्याला. शिकवावं लागतं."

कारण त्या हिवाळ्यात तिच्या काकाचे, ओनुफ्रीचे,
ओट्स गव्हात मिळवले गेले होते.
दोन्ही रकाने चार-चार बाइटचे, बेरीज बिनतक्रार झाली.
गव्हाचं बुशेल साठ पाउंडांचं, ओट्सचं चौतीस.
चेक जास्तीचा निघाला. काका तो घेऊन
बर्फातून बावीस मैल आला, काउंटरवर ठेवला, म्हणाला,
"मापात पाप कुणाचं, ते शोधा."

शोधलं, तर कुणाचंच नव्हतं.
बाइटांना कुणी विचारलंच नव्हतं, तुम्ही कोण.

म्हणून ती जात ठरवायला बसली.
खुणेला जागा एकाच अक्षराची,
आणि अक्षरं बहुतेक आधीच वाटली गेलेली.
उरल्यासुरल्यातून तिने चार रेघांची जाळी उचलली, #,
एलेव्हेटरवरचे कारकून पावतीवर पाउंडासाठी काढतात ती.
आता बेरजेचा मॅक्रो आधी दोघांची खूण बघेल,
मग धान्य, मगच हात लावेल.
धान्य सांगायला कुणी विसरलं तर कागदावर उमटेल:
कसलं धान्य? रिकाम्या पोत्याला माप नसतं.
तीव्रता आठ.

"हे सगळं मशीनला कळतं?"
"छे. असेंबल होईपर्यंतच.
पुढे खूण गळून पडते. आत नुसते बाइट,
ना गव्हाचे ना ओट्सचे.
जात आपल्याला लागते. चुका आपण करतो ना."

मग सरकारी पत्रक आलं: फेब्रुवारीपासून टन, किलो.
वरच्या मजल्यावर तीन आठवडे रात्री दिवे.
आमच्याकडे तिने मॅक्रोतल्या चार ओळी खोडल्या, चार लिहिल्या,
सगळे प्रोग्राम पुन्हा असेंबलला लावले
आणि साडेचारला घरी गेली, बीट शिजत टाकायला.
नाव बुशेलच राहिलं. पोटात किलो.

लायब्ररीत नावाला आठच अक्षरं मावतात,
इंग्रजीत तिच्या आडनावाला दहा लागतात.
पहिल्या टिप्पणीत, जिथे अशी काही अट नाही,
तिथेही तिने आठच लिहिलीत.
सवय की थट्टा, विचारायचं राहिलं.

काल रात्री घाईत मी धान्य लिहायला विसरलो.
छापील कागदाच्या घडीतून वर आलं:
कसलं धान्य?

मी खुर्चीत सरळ झालो.
"बार्ली," म्हणालो, चक्क मोठ्याने,
खोलीत मशीनशिवाय कुणी नसताना.