कारणाचा रकाना

कसबा बावड्याच्या ऑफिसात, पंख्याखाली
मी बंदुकीचे मृत्यू वेगळे करते :
पूर्ववैमनस्य सात, जमिनीचा वाद चार,
साफ करताना सुटली, तीन.
सरनोबत साहेब म्हणतात,
मागच्या वर्षाशी ताडून बघा, टक्के काढा.

राहिला राधानगरीकडचा दौलू.
परवाना पीकसंरक्षणाचा, गव्यांसाठी.
रात्री उसात काही हललं, त्यानं बार टाकला.
गवा नव्हता.
थोरला भाऊ गुंडू होता,
नऊ वर्षं बांधावरून कोर्टात भांडणारा.

अपघात? जमीन?
जबाबात दौलूचं एकच वाक्य :
"मलाबी कळंना झालंय, बाई."

संगणक रिकामा रकाना घेत नाही.
'इतर' निवडलं. एक.
एकूण पंधरा.
गुंडू सहा पूर्णांक सदुसष्ट टक्के.